गावठी मीठ आणि आयोडीनची सक्ती

मे महिन्यात गोव्यात हडफड्याहून किंवा पेडण्यातल्या आगरवाड्याहून गेलात तर रस्त्याकडेला गावठी मिठाच्या राशी दिसतात. जाड खडे, खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या, चिखलाने किंचित करडे. पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी करणारे तिथे थांबतात. थोडं मीठ लोणच्याला, थोडं खारवायच्या कैऱ्यांना, उरलेलं माडाच्या मुळाशी. 'समुद्राचं मीठ, म्हणजे आयोडीन आलंच,' हेही तिथेच कानावर पडतं.

तसं ते येत नाही. समुद्राच्या पाण्यातच आयोडीन लिटरमागे जेमतेम ५०-६० मायक्रोग्रॅम, आणि मीठ धरताना त्यातलंही फारसं खड्यात उतरत नाही. मासळीत ते सापडतं, मिठागरात नाही.

आयोडीनयुक्त मिठाची गोष्ट भारतात सुरू झाली ती किनाऱ्यापासून लांब, हिमालयाच्या पायथ्याशी. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीन मिसळलेलं मीठ दिलं, तिसऱ्याला साधं. काही वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंड झपाट्याने घटला, तिसऱ्यात तो तसाच राहिला. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. गळ्याची गाठ दिसते म्हणून नाव तिचं पडलं. खरं नुकसान मात्र डोळ्यांना न दिसणारं. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉइड संप्रेरकावर वाढतो. तेव्हा आयोडीन कमी पडलं तर पुढे कितीही दिलं तरी ती कसर भरून निघत नाही. १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातून गलगंड गेला आणि 'आयोडीन न्यूनता विकार' आले, ते योग्यच झालं. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदर बाईला २५० लागतं.

सक्तीचा प्रवास मात्र सरळ नाही. खाण्यासाठी साधं मीठ विकण्यावरची देशव्यापी बंदी २००० साली उठली आणि मे २००६ मध्ये परत आली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम भेसळ प्रतिबंधक कायद्यात बसत नाही असं ठरवलं, पण पर्यायी व्यवस्थेसाठी सहा महिने तो चालू ठेवला. पुढे ही तरतूद अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांत आली.

गोव्याच्या मिठागरांना बाहेरून आलेले नियम नवे नाहीत. १८७८ च्या पोर्तुगीज-ब्रिटिश कराराने इथल्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे गेला होता. १८९२ मध्ये करार संपला, तोवर धंद्याला जबर फटका बसला होता. त्यामुळे आयोडीनचा नियम म्हणजे गावठी मिठावरचा आणखी एक घाला, असं मिठागरवाल्याला वाटलं तर नवल नाही. त्याची तक्रार मला पटते, पण तेवढ्यावरून आमटीत गावठी मीठ घालावं हे पटत नाही. लोणच्याला खुशाल वापरा.

मासळी खाणाऱ्यांनाही पावसाळा अवघडच. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, त्यात श्रावण आला की चवथीपर्यंत बऱ्याच घरांत मासळीला सुट्टी. अशा वेळी आयोडीनचा भरवशाचा मार्ग म्हणजे मिठाची बरणी. कारखान्यात आयोडीन थोडं जास्तच घालतात, कारण घरी पोचेपर्यंत ते कमी होणार हे धरलेलं असतं. ग्राहकापर्यंत किलोमागे १५ मिलिग्रॅम तरी उरायला हवं. आपल्या दमट हवेत ते उडू नये म्हणून झाकण घट्ट लावायचं आणि मीठ शक्यतो भाजी शिजल्यावर घालायचं.