‘नंबर १६’चं वय मोजलं कसं?

पश्चिम ऑस्ट्रेलियात टॅमिनजवळच्या नॉर्थ बंगुला राखीव क्षेत्रात ऑक्टोबर २०१६ मध्ये कोळ्यांच्या संशोधक लिअँडा मेसन यांना १६ क्रमांकाच्या बिळाच्या झाकणाला भोक पडलेलं दिसलं. बीळ मोडकळीला आलेलं आणि आतली कोळ्याची मादी, म्हणजेच ‘नंबर १६’, गायब. परजीवी गांधीलमाशीने डाव साधला होता. २०१८ मध्ये शोधनिबंध आला आणि ४३ वर्षं जगलेल्या कोळ्याची बातमी जगभर झाली. आधीचा विक्रम मेक्सिकोतल्या एका टॅरँटुलाचा (मोठ्या, केसाळ कोळ्याचा) होता, २८ वर्षांचा.

ही मादी गायस विलोसस या ट्रॅपडोअर, म्हणजे बिळाला झाकण करणाऱ्या, कोळ्याच्या जातीची. अभ्यासक रेनबो यांनी १९१४ मध्ये तिचं वर्णन केलं. पुढे बराच काळ ती ॲनिडिऑप्स या प्रजातीत गणली जात होती, त्यामुळे जुने निबंध शोधताना ‘ॲनिडिऑप्स विलोसस’ हेच नाव घालावं लागतं. आपल्याकडचे इडिऑप्स कोळी याच कुळातले.

कोळीतज्ज्ञ बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ मध्ये इथला अभ्यास सुरू केला, तेव्हा कोळ्यांना हात न लावता त्यांनी बिळांशेजारी क्रमांकाच्या खुंट्या ठोकल्या. हे चालतं, कारण या जातीची मादी सहसा जन्मभर एकाच बिळात राहते. वाढेल तसं तेच बीळ रुंद करते, मोडलं तर तिथेच दुरुस्त करते, आणि तिच्यामागे ते बीळ दुसरा कोळी वापरत नाही. त्यामुळे खुंटी शाबूत आणि झाकण राबतं असेल, तर आत तीच मादी आहे असं धरता येतं. नराचं तसं नाही. तो वयात आला की मादीच्या शोधात बीळ सोडतो, म्हणून एवढी लांब नोंद मादीचीच मिळू शकते.

बिळाची रचना बघण्यासारखी आहे. तोंडाभोवती बारीक काड्या चक्राच्या आऱ्यांसारख्या बाहेर पसरलेल्या असतात. मुंगीचा धक्का काडीला लागला की झाकणाखाली दबा धरलेल्या मादीला तो कळतो. पालापाचोळा गेला की काड्याही गेल्या, म्हणून गुरांची तुडवण आणि आग दोन्ही घातक. आत वरच्या भागात रेशमाचा मोज्यासारखा सैल पदर असतो. विंचू किंवा गोम शिरली की मादी तो खाली ओढून वाट बुजवते आणि स्वतः तळाशी बसते. गांधीलमाशीपुढे मात्र हा बंदोबस्त दर वेळी पुरत नाही.

पिल्लं पावसाळी दिवसांत बाहेर पडून चालतच थोड्या अंतरावर बिळं करतात. भोवती मैलोन्‌मैल गव्हाची शेतं असल्यामुळे राखीव तुकड्यातले कोळी संपले, तर दुसरीकडून नवे येणं जवळजवळ अशक्य. मेन यांनी चार दशकं हीच बिळं पुन्हा पुन्हा तपासली आणि नंतर ते काम मेसन यांच्याकडे गेलं. मेन २०१९ मध्ये वारल्या.