पाकिस्तानातील स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक व अँबियंट संगीत

पाकिस्तानातील स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक व अँबियंट संगीत : चित्रपटसृष्टी, मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या आणि शीतपेयाच्या नावाने चालणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम यांच्याबाहेर राहून पाकिस्तानी कलाकारांनी संगणक, सिंथेसायझर (विजेवर स्वर निर्माण करणारे वाद्य) व सॅम्पलर (मुद्रित ध्वनितुकडे वाजवणारे यंत्र) यांच्या साहाय्याने घडवलेले संगीत. साधारणपणे २०१० नंतर कराचीत त्याला आकार आला. लाहोरच्या आणि परदेशस्थ कलाकारांनी त्यात मोलाची भर घातली. यातले अँबियंट संगीत ठेका आणि मुखडा-अंतऱ्याची चौकट सैल करते आणि स्वराचा पोत, गुंजन, रेंगाळणारा नाद यांवर उभे राहते. तानपुऱ्याच्या साथीने विलंबित आलाप ऐकत आलेल्या श्रोत्याला त्यात शिरायला फार वेळ लागत नाही.

विजेवरच्या वाद्यांशी पाकिस्तानी संगीताची ओळख जुनी आहे. १९७० च्या दशकात लाहोरच्या चित्रपटसंगीतात एम. अश्रफ, ताफू आदींनी ढोलक-तबल्याच्या जोडीला ऑर्गन, सिंथेसायझर आणि घोगऱ्या सुराची गिटार आणली. १९८१ साली नाझिया हसन यांच्या ‘डिस्को दीवाने’ने सीमेच्या दोन्ही बाजूंना धुमाकूळ घातला. मात्र नव्या पिढीने हा वारसा घराण्यासारखा हातोहात घेतलेला नाही. घरातला संगणक, इंटरनेटवरून शिकलेले सॉफ्टवेअर आणि जगभरचे ऐकणे यांतून ती घडली.

या प्रवाहाचे केंद्र म्हणजे ‘फॉरएव्हर साउथ’ हा कराचीचा कलाकारसमूह व लेबल (संगीत प्रसिद्ध करणारी संस्था). ‘डायनोमॅन’ या नावाने संगीत करणारे हामिद रहीम आणि ‘रुडोह’ या नावाने ओळखले जाणारे बिलाल नासिर खान यांनी तो २०१२ मध्ये सुरू केला. पंचाईत अशी, की त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पाकिस्तानात यूट्यूबवर बंदी आली आणि ती जानेवारी २०१६ पर्यंत उठली नाही. संगीत लोकांपर्यंत नेण्याची सर्वांत मोठी वाट बंद असताना साउंडक्लाउड आणि बँडकॅम्प या कलाकाराला स्वतःचे संगीत चढवता येणाऱ्या संकेतस्थळांना महत्त्व आले. तिथे कलाकाराला चेहरा दाखवावा लागत नव्हता, चित्रफितीचा खर्चही नव्हता. टोपणनावे, एखादे मुखपृष्ठ आणि चार-पाच रचनांचा छोटा संच, एवढ्यावर काम भागे. ‘एलियन पांडा ज्युरी’ म्हणजे डॅनियल आर्थर पंजवानी आणि ‘टोलक्रेन’ म्हणजे तल्हा असीम वेन हे दोघेही आधी ‘ऑरेंजनॉइज’ या कराचीच्या गिटारप्रधान बँडमध्ये होते. गिटारच्या गोंगाटातून दाट नादाची जी सवय झाली, तिचा माग त्यांच्या संगणकावरच्या कामातही लागतो.

प्रत्यक्ष मैफिलीचे गणित कठीण होते आणि आहे. जाहीर कार्यक्रमाला जिल्हा प्रशासनाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते मिळेलच याची खात्री नसते. म्हणून खाजगी घरे आणि छोटी सांस्कृतिक ठिकाणे यांचा आधार मोठा. सबीन महमूद यांनी २००७ मध्ये कराचीत उघडलेले ‘टी-टू-एफ’ हे त्यांतले अग्रणी. २४ एप्रिल २०१५ रोजी तिथला बलुचिस्तानविषयीचा चर्चेचा कार्यक्रम आटोपून निघाल्यावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. कराचीच्या स्वतंत्र कलाजगताची ही हानी भरून न येणारी आहे. पैशाची अडचण वेगळीच. पेपाल ही इंटरनेटवरून पैसे देण्याघेण्याची सेवा पाकिस्तानात उपलब्ध नाही आणि बँडकॅम्पचा व्यवहार बराचसा तिच्यावर चालतो. त्यामुळे रचना विकल्या गेल्या तरी रक्कम हाती पडण्यासाठी अनेकदा परदेशातल्या खात्याचा आधार घ्यावा लागतो. इंटरनेटवरून संगीत ऐकवणारे स्पॉटिफाय पाकिस्तानात आले ते थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये.

अँबियंटच्या अंगाने सर्वांत लक्षवेधी काम गाण्याच्या आवाजाभोवती झाले आहे. ‘स्लोस्पिन’ या नावाने गाणाऱ्या झीरक अहमद आवाजाचे थर एकमेकांवर असे चढवतात, की शब्द आणि धून यांतली सीमारेषा पुसट होते. ‘तालिस्मान’ (२०२३) हा त्यांचा संग्रह. लाहोरमध्ये वाढलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या अरूज आफताब यांना २०२२ मध्ये ग्रॅमी मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या पाकिस्तानी कलाकार. ‘मोहब्बत’ ही मेहदी हसन यांनी गाजवलेली गझल त्यांनी नव्याने मांडली, तिच्यासाठी हे पारितोषिक होते. पण त्यांचे अँबियंट रूप पाहायचे तर त्याआधीचा ‘सायरन आयलंड्स’ (२०१८) हा संग्रह ऐकावा. त्यात उर्दू ओळी सिंथेसायझरच्या लाटांत विरघळत जातात. पाकिस्तानी गायक अली सेठी आणि चिलीयन वंशाचे संगीतकार निकोलस जार यांचा ‘इंतिहा’ (२०२३) हा संग्रह उलट वाटेने जातो : जार यांच्या आधीच्या ध्वनितुकड्यांच्या आवर्तनांवर सेठी गझल गातात. ठेक्याचा आधार काढून घेतल्यावर शेराचा दुसरा मिसरा (ओळ) किती उशिरा, किती सावकाश आणता येतो, हे इथे कळते.

या क्षेत्राच्या कडेला, पण त्याच श्रोत्यांनी आपलेसे केलेले नाव म्हणजे बलुचिस्तानातील पसनी भागाचे बेंजूवादक उस्ताद नूर बख्श. बेंजू हे जपानी ताइशोगोतोपासून आलेले, कळा दाबून वाजवायचे तंतुवाद्य; आपल्याकडच्या बुलबुल तरंगाचे थोरले भावंड. नूर बख्श त्याला पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे साधन) लावून, सौर ऊर्जेवर चार्ज होणाऱ्या बॅटरीवरच्या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवतात. बासरीवादक व मानवशास्त्रज्ञ दानियाल अहमद यांच्या ‘होनीअनहोनी’ या लेबलने त्यांचा ‘जिंगुल’ हा संग्रह २०२२ मध्ये प्रसिद्ध केला.

हे संगीत शोधताना शैलीच्या नावाने धुंडाळल्यास जुन्या गाण्यांची रिमिक्सेसच पुढ्यात येतात. लेबलपासून सुरुवात करून सहकलाकारांच्या नावांचा माग काढणे अधिक फलदायी ठरते. ‘कराची कम्युनिटी रेडिओ’च्या सत्रांतूनही नवी नावे मिळतात. भारतातील श्रोत्यांची वाट मात्र अरुंद झाली आहे. मे २०२५ मध्ये भारत सरकारने पाकिस्तानी मूळ असलेली गाणी, मालिका व पॉडकास्ट काढून टाकण्याची सूचना प्रसारण-मंचांना दिली आणि अनेक पाकिस्तानी कलाकारांची गाणी इथल्या याद्यांतून नाहीशी झाली.