सत्तर वर्षांचा वायदा आणि सकाळचा वाटा

कुणी दवाखान्यात ॲडमिट झालं किंवा कुणाची नोकरी गेली, की मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर बायबलमधली दोन वचनं हमखास येऊन पडतात. मागे उगवता सूर्य, कोपऱ्यात गुलाब. एक यिर्मया 29:11, दुसरं विलापगीत 3:22-23. आणि दोन्हींचा अर्थ एकच लावला जातो: धीर धर, लवकरच सगळं ठीक होईल. मला आता याचा वीट आलाय.

पहिलं तुम्हाला पाठच असेल. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो. फक्त त्याच्या वरचं दहावं वचनही वाचत जा: बाबेलची (बॅबिलोनची) सत्तर वर्षं भरल्यावर! इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने धाडलेलं हे पत्र आहे. दोन वर्षांत सुटका, असं सांगणारा दुसरा संदेष्टा हनन्या आदल्याच अध्यायात खोटा पडतो. यिर्मया म्हणतो, घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं लावा. म्हणजे पत्र ऐकणारा चाळिशीतला माणूस स्वतः परतणार नव्हता. वायदा खरा, पण एका अख्ख्या लोकांशी केलेला, आणि मुदतीचा.

विलापगीत नंतरचं, 586 च्या सुमारास यरुशलेम जळाल्यावरचं. (दोन्ही यिर्मयाचीच का, यावर वाद घालू नका. विलापगीतात लेखकाचं नाव नाही आणि त्यावाचून इथे काही अडत नाही.)

खरी गल्लत होते ती त्याच्या तेविसाव्या वचनातल्या ‘रोज सकाळी नवी’ या शब्दांपाशी. नवी होते ती करुणा. परिस्थिती नव्हे. हाच माणूस त्याच अध्यायात म्हणतो, देव अस्वलासारखा दबा धरून बसला, त्याने खड्यांनी माझे दात फोडले. अठराव्या वचनात तर आशाच संपली म्हणतो. एकविसाव्यात काहीतरी आठवून पुन्हा आशा धरतो. या तीन वचनांमध्ये बाहेर काय घडलं? काहीच नाही. चौथा अध्याय उघडा: तान्ह्यांच्या जिभा तहानेने टाळूला चिकटल्या आहेत, आयांनी आपलीच लेकरं शिजवली आहेत. अशा जागी उभं राहून तो बाविसावं वचन बोलतो: आम्ही संपून गेलो नाही. उद्या रिपोर्ट नॉर्मल येईल, असं त्यात कुठेही नाही.

वाळवंटात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेलं अन्न, तो मान्ना आठवा. त्या दिवसापुरता वेचायचा; शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी वेचलेला सोडला, तर रात्रभर ठेवलेल्यात किडे पडत. ही करुणा त्याच जातीची. पुढच्या वर्षाची बेगमी तिच्यातून होत नाही, म्हणून तर ती रोज नवी लागते. पुढचंच वचन म्हणतं, परमेश्वर माझा वाटा आहे. मूळ हिब्रूत बावीस, तेवीस आणि चोवीस ही तिन्ही वचनं ‘हेथ’ या एकाच अक्षराने सुरू होतात, आणि ती सुरुवात होते दया, नवी, वाटा याच तीन शब्दांनी.

त्यातला ‘दया’ मला कधीच पुरेसा वाटला नाही. दया म्हटलं की वरून टाकलेली भीक डोळ्यांपुढे येते. हिब्रू ‘हेसेद’मध्ये दिल्या शब्दाला जागणं आहे.

आयसीयूबाहेर बाकावर रात्र काढलेल्या बाईला मी 29:11 पाठवत नाही. तिसऱ्या दिवशी वाईट बातमी आली, तर आपला विश्वास कमी पडला असं तिला वाटतं. बावीस-तेवीस पाठवते, आणि सोबत डब्यात पोळीभाजी.

आब महिन्याच्या नवव्या दिवशी यहुदी लोक विलापगीताचं पुस्तक उपास धरून वाचतात. आपल्या कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, त्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणत. पुस्तकाचं शेवटचं वचन इतकं अंधारं आहे, की वाचणारे तिथे थांबत नाहीत. त्याच्या आधीचं, ‘आम्हाला परत फिरव’ हे वचन पुन्हा म्हणतात आणि मग उठतात.