एसएलआर टेस्ट आणि कंबरेच्या नसांच्या इतर तपासण्या

कंबरेच्या मणक्यातून निघून पायात जाणाऱ्या नसेचं मूळ दबलंय किंवा चिडलंय का, हे नुसत्या हाताने तपासायच्या ज्या काही पद्धती आहेत त्यात सगळ्यात जास्त केली जाणारी म्हणजे रुग्णाला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलून बघणे. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट सगळे हिला एसएलआर (स्ट्रेट लेग रेज, म्हणजे सरळ पाय उचलणं) म्हणतात, जुन्या पुस्तकांत मात्र ती लासेग चिन्ह म्हणून सापडते आणि इथूनच वाद सुरू होतो.

शार्ल लासेग या फ्रेंच डॉक्टरने १८६४ मध्ये सायटिकावर (कंबरेतून पायात जाणाऱ्या सायटिक नसेच्या दुखण्यावर) निबंध लिहिला हे खरं, पण त्यात ही टेस्ट नाही. ती आली १८८१ मध्ये, त्याचा विद्यार्थी फोर्स्त याच्या पॅरिसमधल्या प्रबंधात, आणि फोर्स्तने श्रेय गुरूला दिलं, त्यामुळे ज्याने लिहिलीच नाही त्याचं नाव टेस्टला कायमचं चिकटलं. त्याच्या एक वर्ष आधी, १८८० मध्ये, लाझा लाझारेविच या सर्बियन डॉक्टरने (हा कथालेखक म्हणूनही तिकडे मोठं नाव आहे) सहा रुग्णांची माहिती देऊन हीच गोष्ट सर्बियन वैद्यकीय नियतकालिकात छापली होती, पण ती भाषा बाहेर कोण वाचणार, १८८४ मध्ये जर्मनमध्ये आली तोवर उशीर झाला होता. नुसत्या तारखांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे दुखण्याचं कारण कोणी बरोबर सांगितलं. फोर्स्तचं म्हणणं होतं की मांडीच्या मागचे स्नायू नसेला दाबतात म्हणून कळ येते, लाझारेविच म्हणाला नस ताणली जाते म्हणून. १८८४ मध्येच द ब्यूरमान या फ्रेंच डॉक्टरने मृतदेहात सायटिक नसेच्या जागी रबराची नळी बसवून पाय उचलला तर नळी ताणली गेली, म्हणजे लाझारेविचचंच बरोबर. जुन्या युगोस्लाव्हियाच्या भागात आजही टेस्टला त्याचं नाव देतात आणि ते जास्त न्याय्य वाटतं.

याहून मागे जाणारेही दावे आहेत. एडविन स्मिथ पपायरस या इसवी सन पूर्व १६०० च्या आसपासच्या इजिप्शियन हस्तलिखितात ४८ व्या केसमध्ये मणका दुखावलेल्या माणसाला पाय लांब करायला आणि आखडायला सांगून दुखतं का बघितलंय, पण मजकूर पुढे मध्येच तुटतो त्यामुळे त्यावरून फार काही सिद्ध करू नये. सुश्रुतसंहितेत गृध्रसीच्या (आयुर्वेदातलं सायटिकाचं नाव) वर्णनात पाय उचलणं अडतं असं आहे, तेही लक्षण म्हणून आहे, वैद्याने करायची तपासणी म्हणून नाही. हे दोन्ही उल्लेख आजच्या टेस्टचे पूर्वज म्हणण्यापेक्षा वेगळेच ठेवलेले बरे.

टेस्ट करताना गुडघा अजिबात वाकू द्यायचा नाही, एक हात टाचेखाली, दुसरा गुडघ्याच्या वर, आणि पाय हळूहळू उचलायचा, रुग्णाने स्वतः उचलायचा नाही. साधारण पहिल्या ३० अंशांपर्यंत नसेतला ढिलेपणा जातो, तिथून ७० पर्यंत पाचव्या कंबरेच्या मणक्याच्या आणि त्याखालच्या त्रिकास्थीच्या (कंबरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) पहिल्या मुळांवर ताण येतो, त्यापुढे जे दुखतं ते बहुतेक सांध्याचं किंवा हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंचं. म्हणूनच कोन किती आला यापेक्षा दुखलं कुठे हे विचारणं जास्त महत्त्वाचं आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. कळ गुडघ्याच्या खाली पोटरीत, पावलात गेली तर पॉझिटिव्ह, नुसती मांडीमागे ओढ बसली किंवा कंबरच दुखली तर नाही. शंका वाटली तर पाय जरा खाली आणायचा, कळ थांबली की तिथेच धरून पाऊल घोट्यातून वर वाकवायचं (ब्रागार्डची टेस्ट), कळ परत आली तर दोष स्नायूचा नसून नसेचा असण्याची शक्यता वाढते, कारण घोटा हलवल्याने हॅमस्ट्रिंग ताणली जात नाही.

निरोगी नस थोडी ताणली म्हणून अशी कळ मारत नाही, हे स्मिथ आणि राइट या डॉक्टरांनी १९५८ मध्ये भलत्याच धाडसी पद्धतीने दाखवलं. गादीच्या (दोन मणक्यांमधल्या डिस्कच्या) ऑपरेशनच्या वेळी त्यांनी नसेच्या मुळांना नायलॉनचे दोरे अडकवून टोकं कातडीबाहेर ठेवली आणि नंतर रुग्ण जागा असताना ओढून बघितली, तर पायात ओळखीची कळ गेली ती आधी दबलेल्या मुळाचा दोरा ओढल्यावरच. आता असा प्रयोग कोणी करू देणार नाही.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर त्याला क्रॉस्ड एसएलआर म्हणतात, हे फायेरश्टाइनने १९०१ मध्ये मांडलं. दोन्हींचे आकडे एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात ऑपरेशनला गेलेल्या रुग्णांचा हिशोब बघितला तर गादी खरंच सरकलेल्यांपैकी ९२ टक्के लोकांत साधी एसएलआर पॉझिटिव्ह आली, पण न सरकलेल्यांपैकी फक्त २८ टक्क्यांतच ती निगेटिव्ह आली. क्रॉस्डमध्ये हेच आकडे २८ आणि ९०. म्हणजे साधी निगेटिव्ह आली तर गादीची शंका कमी होते, क्रॉस्ड पॉझिटिव्ह आली तर बरीच वाढते, आणि साधी नुसती पॉझिटिव्ह आहे म्हणून निदान करून टाकणं चूक. हे आकडे ऑपरेशनपर्यंत पोचलेल्या लोकांचे आहेत, पहिल्यांदाच कंबर दाखवायला आलेल्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. वय झालेल्यांत मणक्याची नळी अरुंद झाली असेल तर चालताना पाय भरून येतात तरी एसएलआर बऱ्याचदा निगेटिव्हच असते. आणि लघवी अडणं, बैठकीची जागा बधिर होणं असं काही असेल तर टेस्ट काहीही सांगो, तातडीने एमआरआय लागतो.

स्लम्प टेस्ट बसून करतात, पाठ पोक काढून, हनुवटी छातीला लावून गुडघा सरळ करायचा, आणि कळ आल्यावर मान वर केली की ती कमी होते का बघायचं. ती रूढ झाली ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्ट मेटलँड यांच्यामुळे, १९७९ च्या पुढे. गुडघ्यामागे नसेवर बोटाने दाबून बघणे हाही एक प्रकार आहे. वरच्या मुळांसाठी, म्हणजे दुसऱ्या ते चौथ्या कंबरेच्या मणक्यांसाठी, एसएलआरचा उपयोग नाही, तिथे पालथं झोपवून गुडघा वाकवतात आणि मांडीच्या पुढच्या बाजूला कळ येते का बघतात, फक्त पुढचा स्नायू आखडलेला असेल तरी तिथेच ओढ बसते एवढं ध्यानात ठेवावं लागतं.