सळई बारीक होते तेव्हा

२० मिलिमीटर व्यासाची पोलादी सळई यूटीएमच्या (धातू ताणून-दाबून तपासणाऱ्या यंत्राच्या) जबड्यांत धरून ५० किलोन्यूटनने, म्हणजे साधारण पाच टनांच्या जोराने ओढली, तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. तरी ती लांबते: दर १०० मिलिमीटरमागे ०.०७८ मिलिमीटर, जेमतेम एका केसाच्या जाडीइतकी. शिवाय बारीकही होते. व्यास साडेचार मायक्रॉनने घटतो. रक्तातली तांबडी पेशीसुद्धा त्याहून रुंद असते.

हे मोजतो तो स्ट्रेन गेज, सळईला चिकटवलेली नखाएवढी पट्टी. १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांना तो स्वतंत्रपणे सुचला. पट्टीतली नागमोडी तार सळईबरोबर ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. १२० ओहमचा गेज असेल तर वाढ फक्त ०.१९ ओहम! साध्या मल्टिमीटरचं हे काम नव्हे, म्हणून व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे रोधातला बारीकसा फरक पकडणारी चार रोधांची जोडणी.

एक गेज उभा लावायचा, एक आडवा. समजा उभ्याने दाखवलं ७८० मायक्रोस्ट्रेन (दहा लाखांत ७८० भाग), आडव्याने उणे २२६. सळईचा छेद ३१४ चौरस मिलिमीटर, म्हणून प्रतिबल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवरचा जोर, १५९ मेगापास्कल. त्याला उभ्या विकृतीने (लांबीतल्या त्या ७८० मायक्रोस्ट्रेन बदलाने) भागलं की यंगचा गुणांक, म्हणजे ताणाला धातू किती दाद देत नाही त्याचं माप, मिळतो: सुमारे २०४ गिगापास्कल. आडवी भागिले उभी, ०.२९, हे पॉयसनचं गुणोत्तर. खुद्द पॉयसनच्या सिद्धांतानुसार ते सगळ्या पदार्थांत पाव यायला हवं होतं. धातूंनी ऐकलं नाही, नाव मात्र त्याचंच राहिलं.

मला खरी गंमत वाटते ती पुढे. सळईला पीळ न देता तिचा दृढता गुणांक (पिळाला होणारा विरोध) कळतो: २०४ भागिले २.५८ (१.२९ ची दुप्पट), म्हणजे ७९ गिगापास्कल. चहूबाजूंनी न दाबता आकारमान गुणांकही (दाबून आकारमान घटवायला होणारा विरोध) कळतो, १६२ गिगापास्कलच्या आसपास. अट एकच, धातूचे गुणधर्म सगळ्या दिशांना सारखे हवेत.

आकडेमोड शाळकरी आहे. घोळ होतो तो पकडीत. एकदा माझा यंगचा गुणांक १७० गिगापास्कलच्या खाली आला. पोलादावर शंका घेतली, गोंदावर घेतली. शेवटी सळईच्या विरुद्ध बाजूला दुसरा गेज लावला, तर तिथलं वाचन बरंच कमी! जोर मधोमध नव्हता, सळई ताणता ताणता वाकत होती. दोन्हींची सरासरी घेतल्यावर गाडी रुळावर आली. तेव्हापासून उभे गेज समोरासमोर दोन लावतो आणि जोर टप्प्याटप्प्याने वाढवून आलेखाचा उतार काढतो. एका वाचनावर भिस्त ठेवत नाही. खोलीचं तापमानही बघावं लागतं, कारण पोलाद दर अंशाला १२ मायक्रोस्ट्रेन आपणहून फुगतं.

मग जोर काढायचा आणि गेजकडे बघायचं. तो शून्यावर परतला नाही, तर एक तर गोंद सरकलाय किंवा सळई कायमची लांबलीय. दोन्ही बाबतींत ती आकडेमोड फाडून टाकायची.