२,१४,७४,८३,६४७ (मूळ संख्या)

२,१४,७४,८३,६४७ ही दहा अंकी मूळ संख्या आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. अशा रूपाच्या मूळ संख्यांना फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन यांचे नाव आहे. त्यांत हिचा क्रम आठवा. मर्सेन यांच्या १६४४ मधील यादीत ३१ हा घातांक होता, पण सिद्धता नव्हती. त्याच यादीतले ६७ आणि २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले, म्हणजे यादीत असणे हा काही पुरावा नव्हता.

सिद्धता १७७२ च्या सुमारास गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी गणितज्ञ बर्नूली यांना लिहिलेल्या पत्रात दिली. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४१ पेक्षा किंचित कमी आहे. तिथपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायचे तर सुमारे ४,८०० भागाकार करावे लागतात. ऑयलर यांची वाट फार देखणी आहे. समजा, प ही मूळ संख्या तिला भागते. मग २ च्या ३१ व्या घाताला प ने भागल्यास बाकी १ उरते. ३१ स्वतः मूळ असल्याने, फर्माच्या प्रमेयानुसार (२ च्या प − १ व्या घातालाही प ने भागल्यास बाकी १ उरते), ३१ ने प − १ ला भाग जायलाच हवा. प विषम आहे, म्हणून ६२ नेही जातो. शिवाय प ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येऊ शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजक २४८क + १ किंवा २४८क + ६३ एवढ्याच रूपांत उरतात. अशा उमेदवार संख्या चारशेहूनही कमी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मूळ नाहीत: २४९ ला ३ ने, ४९७ ला ७ ने भाग जातो. पहिला खरा उमेदवार ३११. त्याने आपल्या संख्येला भागल्यास बाकी ३५ उरते. दुसरा थेट १,३०३, बाकी २२६. शेवटपर्यंत एकदाही बाकी शून्य येत नाही.

हिला २ च्या ३० व्या घाताने गुणल्यास २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःहून लहान सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या मिळते. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले की याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधणार नाही, कारण अशा संख्यांचा उपयोग नाही. पण १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ एदुआर लुकास यांनी १२७ हा घातांक सिद्ध केला आणि त्यातून आणखी मोठी परिपूर्ण संख्या मिळाली.

संगणकात ३२ बिटांच्या चिन्हांकित (ऋण-धन दोन्ही मावणाऱ्या) पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणाऱ्या प्रणालींचा मोजणीसाठा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ ला संपेल. मर्यादेचा मूळपणाशी संबंध नाही. यादृच्छिक संख्या तयार करण्याच्या एका जुन्या पद्धतीत मात्र मूळपणाच कामाचा. तिथे दर वेळी १६,८०७ ने गुणून या संख्येने भागतात व बाकी घेतात; १ ते २,१४,७४,८३,६४६ मधली प्रत्येक संख्या एकदा आल्यावरच पुनरावृत्ती सुरू होते.

२ च्या ५ व्या घातातून १ वजा करून ३१ आणि ३१ वरून तशीच ही संख्या, अशी मूळ संख्यांची मर्सेन साखळी इथवर येते. आता हीच संख्या घातांक म्हणून घेऊन २ च्या त्या घातातून १ वजा केला तर मात्र साखळी तुटते: त्या राक्षसी संख्येला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो.