विषाणुसंक्रमण, अन्न व वेष्टनांद्वारे होणारे

विषाणूंनी दूषित झालेले खाद्यपदार्थ, त्यांची वेष्टने व हाताळणीतील पृष्ठभाग यांच्यामार्फत होणारा रोगप्रसार या संज्ञेत मोडतो. वाहक ठरणाऱ्या निर्जीव वस्तूंना ‘फोमाइट’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘ठिणगी धरून ठेवणारा पदार्थ’ असा असून, इटालियन वैद्य जिरोलामो फ्राकास्तोरो यांनी तो १५४६ मध्ये संसर्गाच्या विवेचनात वापरला.

विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढत नाहीत. अन्नावर ते केवळ टिकून राहतात. त्यामुळे वास किंवा चव बिघडल्यावरून दूषितता ओळखता येत नाही. मेदाचे बाह्य आवरण नसलेले नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांस कारणीभूत) व हिपॅटायटिस-ए (काविळीस कारणीभूत) हे विषाणू या मार्गाने खरोखर पसरतात. शांघायमध्ये १९८८ साली अर्धकच्च्या शिंपल्यांमुळे सुमारे ३ लाख लोकांना कावीळ झाली. वेष्टनाच्या बाबतीत २०१० मधील अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील उदाहरण बोलके आहे. आजारी मुलीच्या स्नानगृहात ठेवलेल्या खाऊच्या पिशवीतून, तिच्याशी नंतर संपर्क न आलेल्या फुटबॉल संघातील मुलींना नोरोव्हायरसची लागण झाली.

कोविड-१९ घडवणाऱ्या आवरणयुक्त सार्स-कोव्ह-२ विषाणूबाबत मात्र मतभेद झाले. मार्च २०२० मधील एका प्रयोगात तो प्लॅस्टिक व पोलादावर ७२ तासांपर्यंत, तर पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत सक्रिय आढळला, आणि घरोघरी दुधाच्या पिशव्याही साबणाने धुतल्या जाऊ लागल्या. प्रयोगात वापरलेली विषाणूंची मात्रा प्रत्यक्षातील मात्रेहून फार मोठी होती, हा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांचा आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षा कमी असल्याचे म्हटले.

गोठवलेल्या मालाचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण कमी तापमानात विषाणू अधिक काळ टिकतात. बीजिंगच्या शिनफादी बाजारातील जून २०२० च्या उद्रेकानंतर आयात सामन मासळीवर संशय घेण्यात आला. ऑक्टोबरमध्ये छिंगदाओ बंदरात आयात कॉड मासळीच्या बाह्य वेष्टनावरून जिवंत विषाणू वेगळा केल्याचे चीनने जाहीर केले. येथे ‘जिवंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आरटी-पीसीआर चाचणीत केवळ जनुकीय अंश सापडतो व तो निष्क्रिय विषाणूचाही असू शकतो. तथापि वेष्टनावरून कामगारांना लागण झाली की कामगारांमुळे वेष्टन दूषित झाले, हे केवळ अशा शोधावरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटना व चीन यांच्या संयुक्त पथकाने मार्च २०२१ च्या अहवालात शीतसाखळीतून, म्हणजे गोठवलेल्या मालाच्या साठवण-वाहतुकीतून, विषाणू माणसांत शिरल्याची शक्यता ‘संभाव्य’ या श्रेणीत ठेवली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र त्याआधीच्या महिन्यात अन्न किंवा वेष्टनातून संसर्ग झाल्याचा विश्वसनीय पुरावा नसल्याचे नमूद केले होते.